सर्व्हर महापेत, मी कोथरूडमध्ये

आमचा डेटाबेस सर्व्हर नवी मुंबईत, महापेच्या एका डेटा सेंटरमध्ये भाड्याच्या रॅकवर असतो. सांभाळणारे आम्ही सगळे पुण्यात. मध्यंतरी हे मशीन पहाटे बॅकअपच्या वेळी मधूनच गप्प व्हायला लागलं. पिंगला उत्तर नाही, एसएसएच, म्हणजे दुरून लॉगिन, तेही नाही. डेटा सेंटरला फोन करायचा, तिथला मुलगा बटण दाबायचा, मशीन उठायचं आणि सगळे पुन्हा झोपायचे. लिनक्सचा लॉग उघडावा तर पहाटे 3:41 पर्यंत नेहमीच्या ओळी, पुढे थेट बूटच्या. मधल्या काळाबद्दल अवाक्षर नाही.

यात नवल काही नाही. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, जागच्या जागी कोसळला तर शेवटच्या ओळी डिस्कवर लिहायला तो उरतच नाही. म्हणून मी ठरवलं, पुढच्या वेळी कितीही आरडाओरडा झाला तरी आधी बीएमसीत डोकावायचं, मग बटण.

बीएमसी म्हणजे मदरबोर्डवरचा वेगळा छोटा कंप्युटर. मुंबईच्या महापालिकेचा इथे संबंध नाही. मुख्य मशीन बंद असलं तरी प्लगमध्ये वीज आहे तोवर हा जागा असतो. डेलवाले त्याला आयड्रॅक म्हणतात, एचपीवाले आयएलओ. पण त्याच्याशी बोलायची आयपीएमआय ही सामाईक पद्धत इंटेल, डेल, एचपी आणि एनईसी यांनी 1998 मध्ये आणली. बीएमसीचं नेटवर्क पोर्ट इंटरनेटवर उघडं ठेवणाऱ्याला मात्र हात जोडावेत. आयपीएमआय 2.0 च्या लॉगिनची रचनाच अशी आहे, की ओळख पटण्याआधीच बीएमसी समोरच्याला पासवर्डचा हॅश, म्हणजे ज्यावरून पासवर्ड ताडता येतो असा सांकेतिक ठसा, देऊन मोकळा होतो. आमचा बीएमसी व्हीपीएनच्या, म्हणजे खाजगी नेटवर्कच्या, आड आहे.

पुढच्या वेळी मशीन पडलं तेव्हा आयपीएमआयटूल या कमांडने आधी सेल, म्हणजे सिस्टिम इव्हेंट लॉग, काढला. हा लॉग बीएमसीच्या स्वतःच्या मेमरीत राहतो, त्यामुळे मशीन रिबूट झालं तरी पुसला जात नाही. त्यात मागच्या पडझडीची नोंद होती 22:11 ची. रात्री सव्वादहाला तर सगळं सुरळीत होतं! क्षणभर वाटलं, भलत्याच प्रकरणाची नोंद आहे. मग लक्षात आलं, बीएमसीचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, आहे. साडेपाच तास मिळवले की बरोबर 3:41. नोंद होती मेमरीच्या दुरुस्त न होणाऱ्या ईसीसी एररची, मेमरीचा स्लॉट बी2. तिच्याआधी त्याच स्लॉटच्या दुरुस्त झालेल्या एररची रांग लागलेली.

ईसीसी मेमरी 64 बिटांच्या जोडीला 8 तपासणीचे बिट ठेवते. एक बिट बिघडला तर ती गुपचूप सुधारते. दोन बिघडले तर ओळखते, पण सुधारू शकत नाही. तिथे प्रोसेसर मशीन चेक, म्हणजे हार्डवेअर बिघडल्याचा इशारा, उठवतो आणि कर्नल हात वर करतो.

खात्रीसाठी सिरियल ओव्हर लॅन, म्हणजे मशीनच्या सिरियल पोर्टवरचा मजकूर बीएमसीतून नेटवर्कवर पाहायची सोय, लावून ठेवलं. कर्नलला बूटच्या वेळी कन्सोल, म्हणजे पडद्यावरचे संदेश, सिरियल पोर्टवर द्यायला सांगितलं आणि डेटा सेंटरमधल्याच दुसऱ्या मशीनवर टीमक्समध्ये, म्हणजे लॉगआउट केलं तरी चालू राहणाऱ्या टर्मिनलमध्ये, तो सतत लॉग होऊ दिला. (या सिरियल जोडणीतून बाहेर पडायला टिल्डे-टिंब, म्हणजे ~. दाबायचं, पण एसएसएचमधून गेला असाल तर टिल्डे दोनदा, एकदाच दाबलंत तर एसएसएचच बंद पडतं.) पुढच्या पहाटे तिथे मशीन चेकच्या ओळी स्वच्छ उमटल्या, मेमरीच्या त्याच भागाकडे बोट दाखवणाऱ्या.

हे सगळं जोडून मशीन विकणाऱ्या कंपनीकडे तिकीट, म्हणजे तक्रार, टाकलं. उत्तर आलं, आधी फर्मवेअर अपडेट करा. केलं. मग म्हणाले, रॅम बदलून देतो. इथे मी अडलो. एरर स्लॉटच्या नावाने येते. दोष रॅमच्या पट्टीत आहे की स्लॉटमध्ये, हे त्यावरून कळत नाही. डेटाबेस दुसऱ्या मशीनवर हलवला आणि बी2 आणि ए2 मधल्या पट्ट्यांची अदलाबदल करायचं ठरवलं.

"सर, इथे सगळी मशिनं सारखीच दिसतात. तुमचं कुठलं?"

"निळा दिवा लुकलुकतोय का बघ रे."

"नाही ना. आत्ता होता वाटतं, गेला."

बीएमसीला ओळखदिवा लावायला सांगितलं की तो मुळात 15 सेकंदच लागतो. तेवढ्यात माणूस गल्ली ओलांडून रॅकच्या मागे पोचत नाही. आज्ञेला 'फोर्स' जोडलं, दिवा लागून राहिला. "हां, दिसला सर!"

अदलाबदलीनंतर मेमरी टेस्ट लावली. एरर पट्टीबरोबर ए2 ला गेली नाही, बी2 लाच राहिली. पट्टी निर्दोष. बी बाजूचे स्लॉट दुसऱ्या प्रोसेसरचे, आणि तो प्रोसेसर याच कंपनीच्या माणसाने काही महिन्यांपूर्वी नव्याने बसवला होता. इंजिनिअर आला, प्रोसेसर उचलला, टॉर्च मारून सॉकेटचा फोटो पाठवला: हजारो पिनांच्या शिस्तीत एक पिन तिरकी. बोर्डच बदलावा लागला.

बोर्ड बदलला म्हणजे बीएमसीही बदलला, हे सहसा कुणी आधी सांगत नाही. नवा मॅक अ‍ॅड्रेस (नेटवर्क कार्डचा क्रमांक), जुना आयपी गायब, बायोसमधलं (बोर्डच्या मूळ सेटिंगमधलं) सिरियल रिडायरेक्शन, म्हणजे पडद्यावरचं सिरियल पोर्टवर पाठवणं, बंद. सुदैवाने डिस्क जुन्याच होत्या. लिनक्स उठलं, एसएसएचने आत शिरून तिथूनच आयपीएमआयटूलने बीएमसीला आयपी, नवा पासवर्ड आणि घड्याळ दिलं. मग बीएमसीच्या रिमोट स्क्रीनवरून बायोसही लावून घेतला. मॉनिटर-कीबोर्डची ट्रॉली बोलवावी लागली नाही.

तिकीट बंद करताना कंपनीने कारणाच्या रकान्यात 'मेमरी' लिहिलं होतं. ते पुन्हा उघडायला लावून 'प्रोसेसर सॉकेट' करून घेतलं. वॉरंटीचा वाद उद्भवला की तेच तिकीट पुढे करतात.