भाचीचे दृढीकरण

इंदूर, रविवार, रात्री

आज भाचीचे दृढीकरण झाले, म्हणजे बाप्तिस्मा झालेल्याला पवित्र आत्म्याचे दान देणारा कॅथलिक चर्चचा संस्कार. तिच्या बाप्तिस्म्यात मी धर्ममाता, म्हणजे तिच्या श्रद्धेची काळजी वाहणारी सोबतीण, होते आणि शक्यतो तीच व्यक्ती दृढीकरणातही सोबत असावी अशी चर्चची इच्छा असते. त्यामुळे बिशपांपुढे तिच्या खांद्यावर उजवा हात ठेवून उभे राहण्याचा मान मला मिळाला. मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपल्यावर भेटणारा जो तो म्हणत होता, "आता ती मोठी झाली, श्रद्धेचा निर्णय तिने स्वतः घेतला." हे म्हणणे मला पटत नाही आणि का पटत नाही, ते आजच लिहून ठेवते.

दृढीकरणात माणूस होकार देतो हे खरे, पण तो होकार म्हणजे संस्काराचा गाभा नव्हे. बिशपांनी अंगठा तेलात बुडवून कपाळावर क्रूस रेखला, तेव्हा ती मान किंचित वर करून केवळ उभी होती; करणारा पवित्र आत्मा होता. 'पवित्र आत्म्याच्या दानाची मोहोर स्वीकार' या अर्थाचे शब्द पोप सहावे पौल यांनी १९७१ मध्ये पूर्वेकडील प्राचीन उपासनाविधीच्या आधारे ठरवून दिले, आणि माझे सारे म्हणणे त्यात आले: दान मिळते, ते कमवावे लागत नाही. ही मोहोर कायमची असते, म्हणूनच हा संस्कार आयुष्यात एकदाच होतो. पूर्वेकडील चर्चमध्ये तर तान्ह्या बाळाला बाप्तिस्म्याबरोबरच हे अभ्यंजन, म्हणजे पवित्र तेल लावणे, करण्याची परंपरा आहे. तिथे मोठे होण्याचा प्रश्न येतोच कुठे? आपल्याकडे, पश्चिमेच्या लॅटिन परंपरेत मात्र, पोप दहावे पायस यांनी १९१० मध्ये लहान मुलांना ख्रिस्तप्रसाद (मिस्सात दिली जाणारी पवित्र भाकर) देण्याचा आग्रह धरल्यानंतर, बऱ्याच ठिकाणी दृढीकरण त्याच्या मागे किशोरवयात गेले आणि धर्मशिक्षणाच्या वर्गाचा निरोपसमारंभ वाटू लागले. याचे मला फार वाईट वाटते.

घरी येताना तिने विचारले, "आत्या, कपाळ पुसू का?" ऑलिव्हच्या तेलात सुगंधी बाल्सम मिसळून बिशप पवित्र सप्ताहाच्या सुमारास आपल्या फादरांसमवेत कपाळावरचे हे तेल पवित्र करतात, नव्या फादरांच्या तळहातांना लावतात तेही हेच. मी म्हटले, "पूस खुशाल, मोहोर काही पुसली जायची नाही."

आत्म्याच्या सात दानांपैकी धैर्याविषयी तिच्याशी बोलायचे राहून गेले. ते पुस्तकातून समजावण्यापेक्षा आपल्याच धर्मप्रांतातल्या सिस्टर राणी मारिया यांच्याविषयी सांगावे, असे वाटते. भूमिहीन आदिवासींना सावकारीच्या पाशातून सोडवू पाहणाऱ्या या सिस्टरांची २५ फेब्रुवारी १९९५ रोजी उदयनगरहून इंदूरला येताना बसमधून खाली ओढून हत्या झाली. पुढे त्यांच्या सख्ख्या बहिणीने मारेकऱ्याला तुरुंगात जाऊन राखी बांधली. एकीने साक्षीसाठी प्राण दिले, दुसरीने क्षमा केली. यातले अधिक अवघड कोणते, हे मला ठरवता येत नाही, पण दोन्हींना लागणारे धैर्य एकाच आत्म्याचे आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इथेच, इंदुरात, सिस्टरांना धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्यात आले.

दृढीकरण झालेल्या मुलाने ख्रिस्ताचा खरा साक्षीदार म्हणून जगावे, याची काळजी घेणे हे धर्ममातेचे कर्तव्यच आहे. वहिनीशी बोलून ठेवले आहे: दिवाळीच्या सुट्टीत भाचीला घेऊन उदयनगरला सिस्टरांच्या कबरीपाशी जायचे.