गॅरेजमधली लाल दोरी

७ जानेवारी २०२५. संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास शेजारच्या आजोबांनी दार ठोठावलं आणि नुसतं डोंगराकडे बोट दाखवलं. आमच्या लॉस एंजेलिसजवळच्या ईटन कॅन्यन या दरीच्या वरचं आकाश नारिंगी झालं होतं. सँटा ॲना, म्हणजे डोंगराकडून येणारा कोरडा वारा, तर दिवसभर घोंघावतच होता. त्या रात्री वाऱ्यापुढे आग विझवणारी विमानंही उडू शकली नाहीत.

आमचं भाड्याचं घर कॅन्यनजवळच्या ऑल्टाडीना गावात, लेक ॲव्हेन्यू या रस्त्याच्या पश्चिमेला. पूर्वेच्या वस्त्यांना घरं सोडायचे आदेश गेले, आमचे फोन मात्र गप्प. नवरा म्हणाला, आदेश आला की निघू. मलाही ते पटलं, कारण आग अजून लांब दिसत होती. आई भारतातून सहा महिन्यांसाठी आलेली. ती म्हणाली, "अगं, आपल्याकडे वणवा दिसला की लोक आधी गुरांची दावी सोडतात. कागद यायची वाट कोण बघतं?"

आम्ही तरीही वाट बघितली. साडेनऊला वीज गेली.

गाडी गॅरेजमध्ये आणि गॅरेजचं दार विजेवर. रुळाला एक लाल दोरी लोंबकळत असते. ती ओढली की दार मोटरपासून सुटतं आणि हाताने उचलता येतं. चार वर्षांत आम्ही तिला कधी हात लावला नव्हता. नवरा स्टुलावर, मी खाली टॉर्च धरून. दोरी ओढली तरी दार हलेना. शेवटी दोघांनी गुडघ्यांत वाकून, जोर लावून ते वर ढकललं. यात चांगली दहा मिनिटं गेली.

आईने देव तांदळाच्या डब्यात ठेवले, पासपोर्ट पर्समध्ये टाकला आणि रक्तदाबाच्या गोळ्या ओट्यावरच विसरली. नवऱ्याने एअर फ्रायर घेतला. का, ते अजून सांगत नाही. निघालो तेव्हा रस्त्यावरून ठिणग्या लोळत होत्या.

सेरिटोसला मैत्रिणीकडे पोचलो. आमच्या बाजूला पहिला आदेश गेला पहाटे ३:२५ला. आजोबा तोवर घरीच होते, अंगणातला ताड पेटल्यावर निघाले. ते वाचले. या आगीत १९ माणसं गेली, जवळजवळ सगळी लेक ॲव्हेन्यूच्या पश्चिमेची. आता कोणी "आदेश येईल की" म्हणालं, की मला राग आवरत नाही. ९ तारखेला तर उलटंच झालं. घर सोडायच्या तयारीत राहा, असा मेसेज चुकून अख्ख्या लॉस एंजेलिस काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, फोनवर आला. खुलासा येईपर्यंत आई डबा घेऊन दारात उभी.

आमचं घर राहिलं. ९,४०० हून अधिक इमारती गेल्या, त्यामुळे तक्रार करायला जीभ रेटत नाही, पण खरा छळ नंतरच होता. नळाचं पाणी उकळूनही वापरायचं नाही, कारण जळालेल्या पाइपांतून पाण्यात बेन्झीन हे विषारी रसायन उतरलं असण्याची भीती. उकळलं तर ते वाफेबरोबर घरात पसरतं. विम्याचा माणूस म्हणाला, राख पुसून घ्या. पदरचे पैसे घालून खिडकीतली राख तपासली तर त्यात शिसं निघालं. जुन्या घरांचा रंग जळालेला, दुसरं काय निघणार? अहवाल दाखवल्यावर कुठे गाद्या आणि सोफ्याचे पैसे मंजूर झाले.

परत जाण्याआधी आईने जुन्या साडीचा काठ फाडून त्या लाल दोरीला बांधला. आता स्टूल लागत नाही, तिचाही हात पोचतो.