तुम्ही विचारलंत म्हणून : प्राणी नामशेष होतात हे कोणी ओळखले?

जीवाश्मांविषयी बोलून झाले की श्रोत्यांमधून बहुतेक वेळा हा प्रश्न येतो : “डायनोसॉरची हाडे सापडली, तेव्हाच एखादी प्राणिजात कायमची नष्ट होऊ शकते हे माणसाला कळले ना?” तसे झाले नाही. ‘डायनोसॉर’ हा शब्दच १८४२ सालचा आहे, आणि नामशेष होण्याची कल्पना त्याच्या सुमारे अर्धशतक आधी हत्तींच्या दाढांवरून सिद्ध झाली होती.

चमत्कारिक अवशेष लोकांच्या हाती त्यापूर्वीही होते. आपल्या देवघरांतले बहुतेक शाळिग्राम म्हणजे अ‍ॅमोनाइट या सागरी जीवाचे जीवाश्म; इंग्लंडमध्ये सापडणारे तसेच वळणदार दगड पाहून इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हुक यांनी सतराव्या शतकातच, काही जाती लोप पावल्या असाव्यात, असे म्हटले होते. परंतु समुद्राचा तळ कोणी पाहिला होता? ते जीव खाली कुठेतरी जगत असतील, हा आक्षेप त्या काळी खोडून काढता येण्याजोगा नव्हता. त्याशिवाय, ईश्वराने घडवलेल्या सृष्टीतला एखादा दुवा निखळू शकतो, हेच अनेकांना पटत नव्हते.

म्हणून मला हत्ती महत्त्वाचा वाटतो, कारण तो लपून राहू शकत नाही. फ्रेंच सैन्याने हॉलंडमधून पॅरिसला नेलेल्या संग्रहात सिलोनच्या आणि आफ्रिकेच्या हत्तींच्या कवट्या होत्या. त्या शेजारी ठेवून सव्वीस वर्षांच्या जॉर्ज क्यूव्हिए या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने १७९६ मध्ये दाखवले की आशियाई हत्तीच्या दाढेवर आडव्या नागमोडी पट्ट्या असतात, आफ्रिकी हत्तीच्या दाढेवर शंकरपाळ्यासारखे आकार असतात, म्हणजे या दोन निराळ्या जाती आहेत; आणि सायबेरियातल्या मॅमथ या हत्तीसारख्या प्राण्याचा जबडा या दोन्हींशी जुळत नाही, म्हणजे ती तिसरी, नामशेष झालेली जात आहे. हाडे नवी नव्हती, ती शेजारी ठेवून पाहण्याची शिस्त नवी होती, आणि या शोधातली मला सर्वांत प्रिय गोष्ट हीच आहे.

अमेरिकेतल्या ओहायो नदीजवळ १७३९ मध्ये सापडलेल्या हाडांनी तर विद्वानांना दीर्घकाळ चकवले. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ दोबाँतों यांना मांडीचे हाड हत्तीचे आणि दाढा पाणघोड्याच्या वाटल्या, तर ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ विल्यम हंटर यांनी १७६८ मध्ये हा नष्ट झालेला मांसाहारी प्राणी असल्याचे मत मांडले. अमेरिकेचे नेते थॉमस जेफरसन मात्र निसर्ग कोणतीही जात नष्ट होऊ देत नाही, असे मानत आणि हा प्राणी खंडाच्या वायव्य भागात अजून वावरत असेल, अशी त्यांना आशा होती. राष्ट्राध्यक्ष झाल्यावर, १८०३ मध्ये, मेरिवेदर लुईस यांना शोधमोहिमेवर पश्चिमेकडे धाडताना दुर्मीळ किंवा नामशेष मानल्या गेलेल्या प्राण्यांची माहिती घ्यावी, असे त्यांनी लेखी कळवले होते. लुईस आणि त्यांचे सहकारी क्लार्क पॅसिफिक महासागरापर्यंत जाऊन १८०६ मध्ये परतले, पण तो प्राणी त्यांना कुठेही भेटला नाही. त्याच वर्षी क्यूव्हिए यांनी त्याला, दाढांवरच्या स्तनाकार उंचवट्यांवरून, मॅस्टोडॉन हे नाव दिले.