सोफा घ्यायच्या आधी

पहिलं घर लावताना बहुतेक जण सोफ्यापासून सुरुवात करतात. आवडला, घेऊन टाकला, आणि मग उरलेली खोली त्याच्याभोवती कशीबशी बसवत राहायची. आमचा क्रम याच्या उलटा: आधी मापं, मग दिवे, मग रंग आणि सामान सगळ्यात शेवटी. खोली अवघडलेली दिसली की लोक स्वतःच्या आवडीला दोष देतात, पण चूक बहुधा चार-सहा इंचांची असते.

५ मीटरची टेप आणि आलेखाचा कागद घ्या, १ फुटाला १ सेंमी धरा. भिंतींची लांबी सगळेच मोजतात. राहून जातं ते वेगळंच: खिडकीची खालची कड जमिनीपासून किती उंच, बीम किती खाली उतरलाय, सॉकेट नेमके कुठे, दाराची फळी उघडून कुठवर येते. भिंतीत बसवायचं कपाट असेल तर ती जागा खाली, मध्ये आणि वर अशी तीनदा मोजा. भिंती क्वचितच सरळ असतात. कपाट सगळ्यात लहान मापाने करायचं आणि उरलेली फट पट्टीने झाकायची.

आता त्याच मापात सामानाचे कागदी तुकडे कापून आराखड्यावर सरकवा, आणि पसंत पडलेली मांडणी मास्किंग टेपने जमिनीवर आखा. दोन दिवस त्या रेघांमधून वावरा. येण्याजाण्याची वाट ३० ते ३६ इंच हवी, सोफा आणि सेंटर टेबलमध्ये १६ ते १८ इंच, जेवणाच्या टेबलाच्या कडेपासून मागच्या भिंतीपर्यंत ३६ इंच. नाहीतर कुणी जेवत असताना मागून जाता येत नाही.

बेडरूममध्ये गणित हमखास फसतं. १० फूट रुंद खोलीत ६ फुटांचा पलंग एका भिंतीला चिकटवला आणि समोर २ फूट खोल कपाट आलं, की मध्ये उरतात २ फूट. कपाटाची १८ इंची फळी उघडेल, पण तिच्यासमोर उभं राहायला ६ इंचच. अशा वेळी कपाट पायथ्याकडच्या भिंतीला न्या किंवा सरकती दारं घ्या. सरकत्या दारांच्या कपाटाची भिंतीपासूनची खोली (डेप्थ) दोन-तीन इंच जास्त लागते, तीही धरा.

सामान घरात शिरणार कुठून, हेही पाहा. दार पूर्ण उघडलं तरी फळीची जाडी चौकटीतले दीड-दोन इंच खाते. लिफ्ट आणि जिन्याचं वळणही मोजा. पाय निघणारा सोफा अशा वेळी फार उपयोगी पडतो.

दिव्यांचं रंगाआधी ठरवा, कारण भिंतीचा रंग रात्री दिवाच ठरवतो. बसायच्या-झोपायच्या खोल्यांत २७०० ते ३००० केल्विन (हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा लहान तितका उजेड पिवळसर), ओट्यावर ४००० चालतो. एकाच खोलीत दोन्ही मिसळले की भिंत तुकड्यातुकड्यांत वेगळी दिसते. खोक्यावर सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचा आकडा, ९० किंवा जास्त आहे का बघा. छताच्या मधोमध एकच प्रखर दिवा लावून भागवू नका. वाचायला एक, कोपऱ्यात एक, ओट्यावर एक असे वेगळ्या स्विचवर हवेत. टेबलावरचा लोंबता दिवा पृष्ठभागापासून ३० ते ३४ इंचांवर.

रंग छोट्या शेडकार्डवरून कधीच पक्का करू नका. दोन फुटी पुठ्ठ्यावर दोन हात मारा, कडेने पांढरी पट्टी सोडा, म्हणजे जुन्या भिंतीचा रंग डोळ्याला फसवत नाही. तो पुठ्ठा कोपऱ्यात उभा करून सकाळी, दुपारी आणि नव्या दिव्याखाली बघा. कोपऱ्यात दोन्ही भिंतींचा रंग एकमेकांवर पडतो, त्यामुळे तो गडद भासतो. पूर्ण खोली रंगवल्यावर साधारण तसाच दिसेल. डब्यावरचं कव्हरेज (एका लिटरमध्ये किती भिंत रंगते) एका हाताचं की दोन हातांचं, ते वाचूनच लिटर काढा. वेगवेगळ्या बॅचचे डबे असतील तर एका बादलीत एकत्र करा, नाहीतर भिंतीच्या मध्यावर सांधा दिसतो. ६०-३०-१० चं प्रमाण सगळीकडे सांगतात, म्हणजे मुख्य रंग ६० टक्के, जोडीचा ३० आणि उठावाचा १०. सुरुवातीला ठीक आहे, पण त्याला फार चिकटून राहायची गरज नाही.

पडद्याचा रॉड चौकटीच्या ४ ते ६ इंच वर आणि दोन्ही बाजूंना ६ ते ८ इंच बाहेर. मग उघडलेला पडदा भिंतीवर जातो, उजेड अडत नाही. कापडाची रुंदी रॉडच्या निदान दुप्पट घ्या. कमी घेतलं की पडदा बंद केल्यावर चादर टांगल्यासारखा दिसतो. सुती कापड शिवण्याआधी धुवा, आटायचं ते आधीच आटू द्या. गालिचा सोफ्यापेक्षा दोन्हीकडे निदान ६ इंच लांब हवा, सोफ्याचे पुढचे पाय त्याच्यावर. म्हणजे ७ फुटी सोफ्याला ८ फुटी. शोभेच्या वस्तूंची घाई नको, राहायला गेल्यावर महिनाभराने बघू.

चित्रं मात्र बहुतेक घरांत फार वर टांगलेली असतात. चित्राचा मध्य जमिनीपासून ५७ ते ६० इंचांवर ठेवा. सोफ्यावर असेल तर फ्रेमची खालची कड पाठीपासून ६ ते ८ इंच वर. खिळा ठोकण्याआधी मागची तार बोटाने वर ताणा आणि तिथून फ्रेमच्या वरच्या कडेपर्यंत मोजा. २४ इंच उंच फ्रेममध्ये ते अंतर ३ इंच निघालं, तर ५७ अधिक १२ वजा ३, खिळा ६६ इंचांवर.