मधल्या बीमचा जोड

टीव्हीवर दिसते तसल्या रिंगमधल्या प्रो-रेसलिंगमध्ये पैलवान म्हणून उतरण्याआधी दोन वर्षं मी त्याच रिंगचा वेल्डर होतो. खांब उभे करायचे, बीम जोडायचे, त्यावर फळ्या, फळ्यांवर जेमतेम इंचभर फोम आणि वर ताणून बांधलेलं कॅनव्हास. एकदा काम आटोपल्यावर कोच म्हणाले, "आलाच आहेस तर पडून बघ." तिथून शिकत गेलो. हनुवटी छातीला टेकवायची, पाठ सपाट ठेवायची, हात पसरून तळवे आपटायचे आणि आदळताना श्वास सोडायचा. एवढ्याशा फोमने फारसं काही वाचत नाही. खालचं लाकूड आणि लोखंड थोडं लवतं, त्यावर सगळं अवलंबून.

माझी पहिली जाहीर लढत होती त्या दुपारी मधल्या बीमच्या जोडापाशी रंगात केसाएवढी तांबूस रेघ दिसली. फळ्या उचलून रंग घासला, तर वेल्डच्या काठाने दोन बोटं लांब तडा. कुणीतरी जुन्या तड्यावरच नवा थर ओढून वर रंग फासला होता. असलं काम बघितलं की माझं डोकं फिरतं.

आयोजक म्हणाले, "एवढ्याने काय होतंय?" दिव्यांवर खर्च करतात, सांगाड्यावर करवत नाही. ओवेन हार्टसारखा मुरलेला पैलवान 1999 मध्ये अमेरिकेत कॅन्सस सिटीत छताकडून रिंगकडे उतरताना अंगाला बांधलेला हार्नेस सुटून खाली पडला आणि मेला. लोक म्हणतात, सगळं आधीच ठरलेलं असतं. निकाल ठरलेला असतो, हे खरंच. 1989 मध्ये न्यू जर्सीत व्हिन्स मॅकमहनच्या कंपनीनेही, म्हणजे तेव्हाच्या WWF आणि आताच्या WWE ने, ते मान्य केलं होतं. पण माणूस पडतो तो खराच पडतो.

तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोकं पाडली, म्हणजे तो पुढे सरकत नाही. मग ग्राइंडरने चकचकीत लोखंड लागेपर्यंत सगळा तडा खोदून काढला. वेल्डिंगचे कोरडे 7018 रॉड घेऊन छोटे छोटे थर दिले, प्रत्येक थरावरची स्लॅगची खपली झाडून. शेवटी खालून पट्टी जोडली. तो जोड मी आजही कुणालाही दाखवीन. तोवर लोक दारात येऊन उभे होते. फळ्या घाईघाईने बसवल्या.

लढतीत माझ्यासमोर दादा होते. त्यांना उचलून आडवं आपटायचं होतं. उचलताना ते स्वतः उडी घेतात, त्यामुळे वजन निम्मं होतं. टाकताना मात्र माझा हात शेवटपर्यंत त्यांच्या पाठीला हवा, तरच पाठ सपाट टेकते. नेमकं तेव्हाच पायाखाली 'टक्' झालं. माझं सगळं लक्ष जोडाकडे गेलं आणि हात अर्धा क्षण आधी सुटला. दादा खांद्यावर पडले. दात आवळून म्हणाले, "थांबू नकोस." उरलेले डाव त्यांनी एका हातावर निभावले.

लोक गेल्यावर टॉर्च घेऊन रिंगखाली शिरलो. जोड जसाच्या तसा होता. त्याच्या शेजारची फळी बीमवर नीट बसली नव्हती, दाबली की 'टक्' वाजायची.

दादांचा हात सहा आठवडे गळ्यात होता. भेटायला गेलो तर म्हणाले, "जोड तू केला होतास ना, म्हणून मी बिनधास्त पडलो."

ती फळी मीच बसवली होती, हे त्यांना अजून सांगितलेलं नाही.