जुन्या अध्यक्ष एक्स्पायर झाल्या का?

परवा परत बँकेत जाऊन आले, तिसऱ्यांदा. काम काय तर आमच्या संस्थेच्या खात्यावर सही करणारं माणूस बदलायचंय. थोरल्या ताईंनी अकरा वर्षं चेकवर सह्या केल्या, आता त्या अध्यक्षपदावरून उतरल्या आणि धाकट्या ताई आल्या, बस्स. ठरावाची कॉपी दिली, केवायसी दिलं, फोटो दिले, आणि काउंटरवरचा मुलगा अगदी हळू आवाजात मला विचारतो, "मॅडम, जुन्या अध्यक्ष एक्स्पायर झाल्या का? मग डेथ सर्टिफिकेट लागेल." मी म्हटलं अहो नाही, ह्या काय माझ्या शेजारी बसल्यात. ताई इतक्या हसल्या की रांगेतले लोक वळून बघायला लागले.

त्या पोराचं तरी काय चुकलं म्हणा. मी स्वतः ३१ वर्षं बँकेत काढली, ट्रस्टच्या खात्यावरची सही अध्यक्ष हयात असताना, भांडण वगैरे काही नसताना बदललेली मी फार तर चारपाच वेळा पाहिली असेल. आपल्याकडे संस्था काढली की माणूस खुर्चीला फेविकॉल लावूनच बसतो, मग मुलगा, मग सून. म्हणून म्हटलं ह्यावर लिहूया, कारण ह्या दोघी अशा का वागतात ते मला सात वर्षांनी आत्ता कुठे कळतंय.

मी व्हीआरएस घेतल्यापासून विक्रोळी पार्कसाइटला ह्यांच्या संस्थेचे हिशेब बघते. संस्था छोटीच, बालवाड्या आणि टेकडीवरच्या वस्तीत गरोदर बायकांचं, बाळांच्या वजनांचं काम. तिथे सगळ्याच ताई, मी तेवढी 'हिशेबवाल्या काकू'. थोरल्या ताई मूळच्या नर्स, पालिकेच्या हॉस्पिटलातली पक्की नोकरी सोडून संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक म्हणून आफ्रिकेत गेल्या, एक देश झाला, मग दुसरा, अशी बरीच वर्षं. धाकट्या ताई शिक्षिका, त्या व्हीएसओ ह्या परदेशी स्वयंसेवक पाठवणाऱ्या संस्थेतर्फे इथिओपियात होत्या.

आता 'स्वयंसेवक' म्हटल्यावर आपल्याला गणपती विसर्जनाला शिट्टी घेऊन उभी असलेली मुलं आठवतात, किंवा मग परदेशी जाऊन शाळेची भिंत रंगवून फोटो काढणारी कॉलेजची पोरं. हे तसलं नाही. नर्स, शिक्षक, इंजिनियर अशी माणसं वर्ष-दोन वर्षांच्या करारावर जातात, पगार नसतो, राहण्याखाण्यापुरता भत्ता मिळतो. व्हीएसओ ब्रिटनमधली, १९५८ साली अलेक आणि मोरा डिक्सन ह्या नवराबायकोने सुरू केली. अमेरिकेची पीस कोअर १९६१ची, केनेडींनी काढलेली. संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम १९७० साली ठरला, त्याचं मुख्यालय आता जर्मनीत बॉनला आहे.

आणि विक्रोळीकरांनो, ह्यात आपलं एक कनेक्शन आहे जे मी इथे इतकी वर्षं राहून मला माहीत नव्हतं. १९६६ साली पीस कोअरमधून एक ६८ वर्षांची विधवा नर्स भारतात आली आणि तिची नेमणूक झाली कुठे, तर विक्रोळीला, गोदरेजच्या कॉलनीतल्या दवाखान्यात! बाईंचं नाव लिलियन कार्टर. हो तेच कार्टर, अमेरिकेचे पुढे अध्यक्ष झालेल्या जिमी कार्टरांच्या आई. जवळजवळ पावणेदोन वर्षं होत्या इथे, कुष्ठरोग्यांचीसुद्धा सेवा केली. जन्मतारीख १५ ऑगस्ट, आता काय बोलणार. कन्नमवार नगरात आमच्या बिल्डिंगमधल्या जुन्या लोकांना विचारलं तर एकालाही पत्ता नाही, एक आजोबा म्हणाले गोऱ्या बाया तेव्हा खूप यायच्या हो.

तर मुद्दा. परत जायची तारीख. ह्या लोकांना पहिल्या दिवशीच ठाऊक असतं की आपण अमुक महिन्यात इथून जाणार आहोत. थोरल्या ताई म्हणतात, "अहो काकू, आम्ही बॅग उघडायच्या आधी विचार करायचो की आपण गेल्यावर हे कोण करणार." पीस कोअरमधे तर ऑफिसच्या स्टाफलाच नियम आहे, साधारण पाच वर्षांच्या वर कोणी राहायचं नाही, १९६५ साली कायद्यातच घातलंय. मला आधी वाटलं हा काय वेडेपणा, माणूस तयार झाला की हाकला. बँकेतही तीन वर्षांनी बदली व्हायची पण ती शाखा बदलायची, नोकरी नाही. आता वाटतं की ह्या सवयीनेच ह्या बायका वेगळ्या तयार होतात. कॅरल बेलामी घ्या, १९६३ ते ६५ ग्वाटेमालात स्वयंसेवक, १९९३ साली त्याच पीस कोअरच्या प्रमुख झाल्या, स्वयंसेवक म्हणून काम केलेली प्रमुखपदावरची पहिलीच व्यक्ती, मग दहा वर्षं युनिसेफ, आणि तिथून वर्ल्ड लर्निंग नावाच्या एका ना-नफा संस्थेच्या अध्यक्ष. (१९९५ला त्या युनिसेफमधे आल्या, त्याच वर्षी आपल्या मुंबईत युनिसेफ आणि पालिकेच्या मदतीने 'प्रथम' ही मुलांच्या शिक्षणाची संस्था सुरू झाली, तो योगायोग, पण मला आवडला.) किंवा कॅरी हेसलर-राडलेट, वेस्टर्न सामोआत नवऱ्याबरोबर १९८१ ते ८३ शिकवत होत्या, पुढे पीस कोअरच्या संचालक, तिथून उतरल्या आणि एका आरोग्य-विकासाच्या संस्थेच्या सीईओ. म्हणजे खुर्चीतून उठणं हा ह्यांच्यासाठी अपमान नसतोच.

दुसरं एक, मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते. थोरल्या ताई म्हणतात, "पहिलं वर्षभर त्या गावातली सगळ्यात अडाणी बाई मी होते." भाषा येईना, पाणी कुठलं पिण्याचं आणि कुठलं गुरांचं ते बारा वर्षांच्या मुलीने शिकवलं, बाजारात एकटं सोडायचे नाहीत. मुंबईच्या वॉर्डात पंधरा नर्सेसवर ओरडणारी बाई, आणि तिकडे एक पोरगी हिला हात धरून नेतेय. ते काहीतरी आत मुरलंय. मागे आमच्याकडे बाळांची वजनं सगळी विचित्र यायला लागली, एकाच बाळाचं महिन्यात अर्धा किलो वाढलेलं, पुढच्या महिन्यात परत खाली. मी असते तर वजनं घेणाऱ्या पोरीला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं असतं की काय लिहितेस. ताई वस्तीत गेल्या, चटईवर बसल्या आणि म्हणाल्या, तू कसं करतेस ते मला दाखव. काटा दाराच्या चौकटीला लटकवलेला, बाळ झोळीत, आणि बाळ लाथा मारतंय म्हणून काटा नाचतोय. ताईंनी विचारलं, "तू नेमका कधी वाचतेस?" ती म्हणाली, "ताई, आई घाबरते ना, म्हणून पटकन जे दिसेल ते." झालं. आईने आधी बाळाला छातीशी धरून शांत करायचं, मग झोळीत, मग काटा थांबेस्तोवर थांबायचं, आणि हे त्या पोरीनेच बाकीच्यांना शिकवायचं ठरलं. एक शब्द वाकडा नाही.

पण सगळं गोडगोड लिहिणार नाही. मी हिशेबवाली आहे त्यामुळे मला जे दिसतं ते असं की ह्या बायका परत येतात तेव्हा हातात काही नसतं. इतकी वर्षं भत्त्यावर, इथला पीएफ तुटलेला, पेन्शन नाही. थोरल्या ताई ४६व्या वर्षी परत आल्या तेव्हा त्यांना होमलोन मिळेना, कारण सॅलरी स्लिपच नाही, आणि मी, जिने आयुष्यभर ठरलेल्या रेषेबाहेर पाऊल टाकलं नाही, मला दर महिन्याला पेन्शनचा मेसेज येतो. हे बोलताना मला लाज वाटते थोडी. आणि संस्थेत पगार वाढवायचा म्हटलं की देणगीदार विचारणार, अॅडमिनचा खर्च किती टक्के? जणू संस्था हवेवर चालते.

वर गंमत म्हणजे धाकट्या ताईंची इथिओपियातली आयरिश मैत्रीण बालवाडीला पंख्यांचे पैसे पाठवते म्हणाली, तर घेता येत नाहीत. परदेशी नागरिकाची देणगी म्हणजे एफसीआरए, परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी हवी, आमच्याकडे ती नाही, आणि काढायची तर पैसे फक्त दिल्लीला संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या शाखेतल्या खात्यात, शिवाय २०२०पासून त्यातून प्रशासनावर करायच्या खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आणलीय. पंखे शेवटी आमच्या बिल्डिंगच्या महिला मंडळाने दिले, तीन, त्यातला एक खडखड करतो.

आणि थोरल्या ताईंनी जायचं जाहीर केलं तेव्हा मी चिडले होते, खरं सांगते. वस्तीतल्या बायका रडल्या, एक म्हणाली आम्ही काय चुकलो का ताई. तिकडे परदेशात ठीक आहे, करार संपला, विमानात बसलात. इथे वस्तीपासून दोन स्टेशनांवर राहता, रोज दिसणार, मग हे सोडणं कशाला? त्यावर त्या काही बोलल्या नाहीत, त्यांनी कपाटातून एक निळी लांब वही काढली.

वहीचं नाव हस्तांतर. दोन वर्षं लिहीत होत्या, कोणाला न सांगता. मला वाटलं ध्येयधोरण वगैरे असेल. आत असं: "पाण्याच्या कॉकची चावी वॉचमनकडे. वॉचमन बदलला तर जुन्या किराणावाल्याकडे, नव्याकडे नाही." "वरच्या गल्लीत सकाळी आठच्या आत जाऊ नये, पाण्याची वेळ, बायका बोलणार नाहीत." "जुलै-ऑगस्टमधे टेकडीच्या पायथ्याच्या खोलीत मुलं बसवायची नाहीत, कोणी काहीही म्हणो." "सुपरवायझरला एकटीला गाठून बोलावं, सगळ्यांसमोर बोललं की दोन दिवस जेवत नाही." असली सव्वाशे पानं. मी तिथेच उभी राहून वाचत बसले.

आता चेंज रिपोर्ट. ट्रस्टच्या कायद्यात कलम २२ आहे, विश्वस्तांत बदल झाला की ९० दिवसांत धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसला कळवायचं, ते आम्ही केलंय, पोचपावती फाइलला लावलीय. बँक मात्र अडून बसलीय, आता म्हणे ठरावावर थोरल्या ताईंची सही स्पेसिमेनशी, म्हणजे बँकेतल्या जुन्या नमुन्याच्या सहीशी, जुळत नाही. अकरा वर्षांत माणसाची सही बदलणार नाही तर काय होणार.

परत येताना रिक्षात थोरल्या ताई म्हणाल्या, "काकू, तुमची वही?"

मी म्हटलं माझी कसली, मी काय अध्यक्ष आहे का. टॅलीचा पासवर्ड मला, लॉकरची चावी माझ्या पर्समधे, ऑडिटरचा स्वभाव मला माहीत, कुठल्या देणगीदाराला पावती कुरियरनेच लागते ते मला माहीत. त्या नुसत्या बाहेर बघत होत्या.

काल स्टेशनजवळून २०० पानी वही आणलीय. निळी नव्हती, हिरवी मिळाली. पहिल्या पानावर लॉकरच्या चावीचं लिहिलंय आणि पासवर्डपाशी अडलेय, तो आमच्या ह्यांच्या नावावरून आहे, आधी बदलावा लागेल.