माप न घेता कापलेले पत्रे
मे महिना उजाडला की आमच्या गोव्यातल्या डिचोलीत छपरांच्या कामांची झुंबड उडते. जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस येतो, त्याआधी गच्चीवर पत्रे चढवून घ्यायची सगळ्यांनाच घाई. त्याच घाईत एका काकींनी घरी आलेल्या कंत्राटदाराच्या छापील फॉर्मवर सही केली आणि 1,60,000 रुपयांच्या कामापोटी 90,000 आगाऊ देऊन टाकले. रात्री दिरांनी दर पाहिला आणि कपाळाला हात लावला. सकाळी फोन केला, तर उत्तर आलं, "पत्रे कापून झाले. पैसे परत नाहीत, फॉर्मवरच लिहिलंय."

काकी माझ्याकडे आल्या त्या भाच्याचा मेसेज घेऊनच. भाचा अमेरिकेत. "तीन दिवसांत रद्द करता येतं म्हणे, वकीलबाय. आज दुसराच दिवस."

भाचा चुकत नव्हता. तिथे विक्रेत्याने घरी येऊन केलेला बहुतेक सौदा तिसऱ्या कामकाजाच्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत कारण न देता मोडता येतो. आपल्याकडे विमा पॉलिसी पटली नाही तर परत करायला 30 दिवस मिळतात, पण घराच्या कामाला फेरविचाराची अशी मुदत नाही. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही ती घातली नाही. मला हे आजही खटकतं. पण काकींना ते ऐकवून काय उपयोग?

म्हणून मी करार कायद्याचं कलम 74 धरलं. कागदावर काहीही छापा, करार मोडणाऱ्याकडून वाजवी भरपाईच घेता येते. नुकसानच झालं नसेल तर भरपाई कसली, हे सर्वोच्च न्यायालयाने 2015मध्ये कैलाशनाथ असोसिएट्सच्या खटल्यात सांगितलंय. म्हणजे प्रश्न एवढाच उरला, की पत्रे खरंच कापले का?

फॉर्म टेबलावर पसरला. रक्कम ठळक, सही ठळक. लांबी, रुंदी, उतार हे तिन्ही रकाने मात्र कोरे.

"माप कधी घेतलं, काकी?"

"माप खंयचं? चहा घेतला. जिना चढलाच नाही तो. माणूस पाठवतो म्हणाला."

तिथूनच कंत्राटदाराला फोन लावला. कोणत्या मापाने कापले, विचारलं. "स्टँडर्ड साइज असते, मॅडम." काकी बाजूने ओरडल्या, "माझी गच्ची एका अंगाने तिरकी आहे रे!" मग मी पत्र्यांच्या खरेदीचं बिल मागितलं, तारखेसकट. "बघून सांगतो," म्हणाला आणि फोन ठेवला.

त्याच दिवशी रजिस्टर पोस्टाने नोटीस गेली. करार रद्द, पैसे 15 दिवसांत परत करा, नाहीतर पर्वरीला जिल्हा ग्राहक आयोगात भेटू. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे तक्रारीची फी लागत नाही, हेही मुद्दाम लिहिलं. खर्चाला घाबरून ग्राहक गप्प बसेल हाच अशांचा हिशेब असतो. 'अनुचित करार', म्हणजे कराराच्या अटीच एकतर्फी, हा मुद्दा मात्र बाजूला ठेवला. त्यासाठी थेट राज्य आयोगाकडे जावं लागतं.

बिल काही आलं नाही. मुदत संपायच्या आत तो स्वतःच 85,000चा चेक घेऊन आला. पाच हजार 'येण्याजाण्याचे' कापले होते. डिचोलीतल्या डिचोलीत! मी भांडायच्या तयारीत होते, पण काकींनी हात धरला. "राहू दे गो बाय. पाऊस डोक्यावर आलाय, मला दुसरा माणूस बघायचाय."

जाताना त्याने मूळ फॉर्म मागितला. चेक वटल्यावर या, म्हटलं.